तयार कपाटं जोडून किचनमध्ये मधला ओटा करायचाय? होईल, पण वजन कपाटावर टाकू नका

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, दोन ओळीत उत्तर देणार होतो पण तुम्ही मापं एवढी नीट दिलीत की म्हटलं बसूनच लिहावं. आधी तुमचं म्हणणं मला कसं कळलं ते सांगतो म्हंजे चुकलं असेल तर तिथंच कळेल. कळंब्याला नवीन घर, तळमजला, किचन १२ बाय १४ फूट, दोन भिंतींना एल आकारात ओटा झालेला आहे. जुन्या घरातली चार तयार स्टोरेज कपाटं पडून आहेत, पार्टिकल बोर्डाची, प्रत्येकी ३२ इंच रुंद, १६ इंच खोल, ३० इंच उंच. ती दोन-दोन पाठीला पाठ लावून वर ग्रॅनाईट टाकायचं, एका बाजूला मुलांना नाष्ट्याला बसता यावं, सासूबाईंना भाकरी थापायला आणि तुम्हाला पोळ्या लाटायला जागा व्हावी, जमलंच तर एक शेगडी पण. तुमचा सुतार म्हणतोय हे टाका, नवीनच करू, आणि दीर म्हणतात नुसती ठेवा आणि वर दगड टाका, काय होतंय. तुम्ही विचारलंय की होईल का आणि टिकेल का.

होईल. पण सुताराचं पण अर्धं बरोबर आहे. मी कोल्हापुरात २० वर्षं किचनचीच कामं करतोय, आणि यातली खरी अडचण कपाटं जुनी आहेत की नवीन ही नाही. मधल्या ओट्याला भिंत नसते, अडचण ती आहे. आपलं कुठलंही कपाट घ्या, मग ते महागातलं असो नाहीतर साधं, ते उभं राहतं भिंतीच्या जिवावर. मागून दोन स्क्रू भिंतीत गेलेले असतात, शेजारचं कपाट त्याला धरून असतं, मागचं ३-४ मिमीचं पातळ बोर्ड नुसतं धूळ अडवायला असतं. तेच कपाट खोलीच्या मध्ये आणून ठेवलं की त्याला धरणारं कुणी उरत नाही. वरून सरळ खाली येणारं वजन ते बऱ्यापैकी सोसतं, आडवा धक्का मात्र सोसत नाही. आणि किचनमध्ये सगळे धक्के आडवेच बसतात बघा, कणीक मळताना आपण ढकलतो, ड्रॉवर ओढतो, पोरगं स्टूलवरून उतरताना ओट्याला धरून लोंबतं.

भाकरीचं तर वेगळंच. एका घरात मी नंतर दुरुस्तीला गेलो होतो, तिथं असंच तयार कपाटांवर दगड टाकून दिलेला होता. दिसायला झकास. पण तिथल्या आजी भाकरी थापायला लागल्या की आतल्या वाट्या-चमचे खुळखुळायचे, आणि वर्षभरात दगड आणि कपाटाच्या मध्ये एक बोट जाईल एवढी फट पडली होती. मी कपाट रिकामं करून आतनं टॉर्च मारून बघितलं, तर मिनीफिक्स (बोर्डाला बोर्ड जोडायचा स्क्रू) ज्या भोकात बसलेलं असतं ते भोक मोठं होऊन त्यातनं भुसा गळत होता, नखानं उकरलं तरी निघत होता. रोज थोडं थोडं हलून स्क्रूनं आपली जागा स्वतःच कोरली होती. पार्टिकल बोर्ड म्हंजे लाकडाचा चुरा आणि डिंक, एकदा भोक सैल झालं की तिथं परत स्क्रू धरत नाही. प्लायवूडला निदान जरा जाड स्क्रू मारून वेळ मारून नेता येते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की कपाटाला कपाटाचंच काम करू द्यायचं. सामान त्यानं ठेवावं, दगड पेलायचं काम लोखंडी फ्रेमचं. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं जा, दीड इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाईपची फ्रेम करून पावडर कोटिंग करून मिळेल, टेबलासारखी. चार पाय, खाली कपाट ठेवायला आडव्या पट्ट्या, वर दगडाखाली एक इंची पाईपच्या आडव्या पट्ट्या फूटभर अंतरावर. कपाटं त्या फ्रेमच्या पोटात बसतात. उद्या पाच वर्षांनी कपाटं खराब झाली तरी दगड न हलवता ती ओढून बाहेर काढता येतील आणि दुसरी घालता येतील, हा मला यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आणि त्या फ्रेमला तिरक्या पट्ट्या नाहीतर कोपऱ्यात गसेट, म्हंजे तिकोनी लोखंडी तुकडे, मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर लोखंडाची असली तरी ती पण डुलते. वेल्डिंग झाल्यावर, कोटिंगच्या आधी, स्वतः जाऊन फ्रेम हातानं हलवून बघा.

आता चारही कपाटं वापरायची का. इथं मी तुम्हाला नाराज करणार आहे. तुमचं किचन १२ बाय १४, ओटा २ फूट खोल धरला तर मोकळी जागा उरते १० बाय १२ फूट, म्हंजे १२० इंच बाय १४४ इंच. चार कपाटांचं बेट, म्हंजे मधला ओटा, होतं ६४ बाय ३२, वर दगड जरासा बाहेर धरून ६६ बाय ३४. ओट्यापासून ४२ इंच तरी सोडायलाच पाहिजेत, एक बाई खाली वाकून ड्रॉवर उघडते आणि मागनं दुसरी जाते असं रोज होणार असेल, आणि तुमच्याकडं सासू-सून दोघी एकाच वेळी असणार, तर ४८ सोडा. ४२ धरलं तर पलीकडं ४४ इंच उरतात, लांबीच्या बाजूला ३६. कागदावर बसतं की नाही? मग आता फ्रिज आणा. तुम्ही लिहिलंय की फ्रिज ओट्यासमोरच्या भिंतीला आहे. फ्रिज भिंतीपासून साधारण ३० इंच पुढं येतो, राहिले १४ इंच, त्यात दार कुठं उघडणार?

म्हणून मी दोनच कपाटं पाठीला पाठ लावा म्हणेन. फ्रेमच्या पाईपसकट लांबी ३५ इंच, त्याच्या पुढं एका टोकाला १२ इंच दगड बाहेर बसायला, म्हंजे दगड ४८ बाय ३४. लांबीत ओट्याकडून ४२ सोडले तरी बसायच्या टोकापासून पुढच्या भिंतीपर्यंत ५४ इंच राहतात. फ्रिज पार कोपऱ्यात सरकवला तर तो त्यातले ३० इंच खातो, दार मोकळं उघडतं, आणि दोन पोरं स्टूलवर बसली तरी मागनं जाता येतं. उरलेली दोन कपाटं स्टोअरमध्ये भिंतीला लावा, तिथं ती उत्तम चालतील कारण तिथं भिंत आहे.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून पण करू नका. रांगोळीनं फरशीवर ४८ बाय ३४ चा चौकोन काढा, त्यात फ्रिजचं नाहीतर टीव्हीचं खोकं, खुर्च्या, जे असेल ते उभं करा आणि चार दिवस तसाच स्वयंपाक करा. नुसत्या रेघेनं भागत नाही, माणूस रेघ ओलांडून जातो, खोक्याला मात्र वळसा घालावा लागतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे सांगतोच आणि त्यातले बरेच जण चौथ्या दिवशी फोन करून माप कमी करतात, काहीजण तर बेटच नको म्हणतात, आणि ते पण बरोबरच आहे.

उंचीचं थोडं सविस्तर सांगतो कारण हे चुकलं तर पाठ दुखते आणि नंतर काही करता येत नाही. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा, त्यातनं ४ ते ६ इंच वजा करा, ती भाजी चिरायची उंची. लाटणं, मळणं, थापणं यात अंगाचा जोर लागतो त्यामुळं ते याहून इंच-दोन इंच खाली बरं पडतं. तुमचं कोपर ३९ इंचाला असेल तर ३४ चा ओटा ठीक, पण सासूबाई तुमच्यापेक्षा ठेंगण्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय, त्यांचं कोपर ३६ ला असेल तर ३४ इंचावर भाकरी थापताना खांदे वर उचलावे लागतील. दोघींचं मोजा, आणि हा मधला ओटा मुख्य करून पिठाच्या कामाचा असेल तर त्यांच्या मापाकडं झुका, ३२ च्या आसपास. भाजी चिरायला तुमचा नेहमीचा ओटा आहेच.

आता ३२ कसं येणार. खालची पट्टी जमिनीपासून २ इंच, कपाट ३०, वरची पट्टी १, दगड पाऊण इंच, हे झालं पावणेचौतीस. पण तुमच्या ३० इंचात कपाटाचे प्लास्टिकचे पाय धरलेत का बघा. असतील तर ते काढून टाका, फ्रेममध्ये त्यांचं काही काम नाही, आणि तेवढे इंच खाली येता येईल. पाय नसतील तर मग ३४ च्या आत जाणं अवघड, अशा वेळी मी कपाट कापत बसत नाही, त्याची एज पट्टी जाते आणि पाणी प्यायला तोंड मोकळं होतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला पूर आला त्यानंतर आम्ही कित्येक किचन उपसून काढली. पार्टिकल बोर्डाचं कपाट पाण्यात राहिलं की ब्रेड चहात बुडवल्यासारखं फुगतं, वाळलं तरी परत मापात येत नाही. आयएस ७१० शिक्क्याचं, आपण ज्याला मरीन म्हणतो ते प्लाय मात्र धुऊन, वाळवून काही घरांत परत वापरलं. तुमच्याकडं पुराचा विषय नसेल, पण रोज फरशी पुसायची बादली आहे, सणाला पाणी ओतून फरशी धुणं आहे, आणि मधल्या ओट्याला चारी बाजूंनी पाणी लागतं. कपाटाचा तळ आणि खालच्या कडा हा नाजूक भाग. पाय काढले की त्यांची भोकं उघडी राहतात, ती सिलिकॉननं भरा. कड उघडी दिसली की एज पट्टी नाहीतर निदान दोन हात ऑइल पेंट मारा. आणि कपाट जमिनीला टेकवू नका, फ्रेमची ती २ इंचाची उचल याच्यासाठीच. समोरून ती फट दिसू नये म्हणून स्कर्टिंग लावायचं ते पीव्हीसीचं, बोर्डाचं नको.

फ्रेम जमिनीला धरायलाच पाहिजे. लोकांना वाटतं पन्नास किलोचा दगड आहे, कुठं जातंय. दगड खरंच तेवढा भरतो, १८ मिमी ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो, तुमचा सव्वाअकरा फूट, म्हंजे ५१ किलो. पण वजन वर आहे, खाली नाही, आणि एका बाजूला फूटभर बाहेर काढलंय. त्यात ड्रॉवर डाळींनी भरलेले, सगळे एकदम उघडे आणि पोरगं त्यावर चढलं तर? तयार कपाटाबरोबर उलटू नये म्हणून भिंतीला बांधायची पट्टी येते ती याच कारणानं, आणि इथं बांधायला भिंत नाही. पायांना आतल्या बाजूनं एल पट्टी वेल्ड करून घ्या, जमिनीत ८ मिमी गिट्टी (स्क्रू धरायचा प्लग) आणि २ इंची स्क्रू. तुमची व्हिट्रीफाईड टाईल असणार, वरचा थर टाईलच्या बिटनं, ड्रिलचं हॅमर बंद ठेवून, हळू पाणी मारत पाडायचा, टाईल संपली की मग हॅमर. उलटं केलं तर टाईल तडकते आणि त्या लॉटची टाईल परत मिळत नाही. आणि भोक पाडायच्या आधी प्लंबरनं फरशीखालून लाईन कुठून नेलीय ते विचारा, नवीन बांधकाम आहे, तुमच्याकडं फोटो असतील तर फारच छान.

लाईटचं पण आत्ताच ठरवा. मधल्या ओट्यावर मिक्सर येणारच, आज नाही म्हणाल पण दिवाळीच्या फराळाला येणार. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवरून ओढून वापरणं मला अजिबात मान्य नाही, पायात अडकतं आणि ओल्या फरशीवर वायर म्हंजे जिवाशी खेळ. फरशीत चर मारून २५ मिमीचा पाईप ओट्याच्या भिंतीतल्या बोर्डापासून मध्यापर्यंत आणावा लागतो, आणि त्याचं तोंड फरशीच्या वर निदान चार इंच उचललेलं पाहिजे म्हंजे धुतलेलं पाणी आत जाणार नाही. दोन कपाटांच्या पाठीत दीड-दोन इंच फट सोडायची, वायर त्यातनं वर (तेवढा दगड रुंदीला वाढवा, पलीकडच्या ४४ मधनं जाईल). सॉकेट दगडावर नको, बाजूच्या पॅनेलला दगडाच्या खाली. इंडक्शन लावायचं असेल तर ते २००० वॅटचं असतं, म्हंजे ९ अँपिअरच्या आसपास, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच), हे तिन्ही वायरमनकडून पक्कं करून घ्या. फरशी फोडायची नसेल तर मधला ओटा बिनलाईटचा ठेवा, मिक्सर नेहमीच्या ओट्यावर. त्यात कमीपणा काही नाही.

शेगडी नको. गॅसची रबरी नळी दीड मीटरपर्यंतच लांब ठेवायची असते, फरशीवरून किंवा कपाटातनं लपवून न्यायची नाही, मग सिलिंडर त्याच कपाटात ठेवावा लागणार. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, आणि तुमच्या बंद कपाटाला खाली जाळी नाही. वर छताचा पंखा, त्यानं ज्योत हलणार, चिमणीला भिंत नाही, आणि त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला पोरं बसणार. फोडणी ओट्यावरच द्या. सिंकचं पण तेच, पाईपला उतार द्यायला सगळी फरशी काढावी लागेल.

दगड कुठला? ग्रॅनाईटच घ्या. क्वार्ट्झ दिसायला छान पण त्यात रेझिन असतं, पांढऱ्या रश्श्याचं पातेलं गॅसवरून उचलून सरळ त्यावर ठेवलं तर डाग पडू शकतो किंवा चीर जाऊ शकते, आणि आपल्याकडं पातेलं उचलून सरळच ठेवलं जातं. मार्बलला लिंबू-चिंच खाते. लाकडी टॉप मला स्वतःला फार आवडतो पण हळदीचे डाग आणि दरवर्षी तेल लावायची तयारी पाहिजे. १२ इंच जो भाग बाहेर आहे त्याच्याखाली फ्रेमची पट्टी न्यायचीच, १८ मिमी दगड ६ इंचापेक्षा जास्त अधांतरी मी ठेवत नाही, कुणीतरी त्या टोकावर बसतंच. स्टूल दगडापेक्षा १० ते १२ इंच खाली पाहिजे, म्हंजे ३४ च्या ओट्याला साधारण २३-२४ इंचाचं. बारच्या खुर्च्या म्हणून ३० इंची विकतात त्या आणू नका, मांड्या दगडाला घासतात. दगडाचे चारही कोपरे गोल करून घ्या, पोराचं डोकं आणि आपली कंबर नेमकी त्या उंचीला येते.

आणि एक, तुम्ही घर भाड्याचं नाही म्हणालात म्हणून एवढं सांगतोय. भाड्याच्या घरात असता तर सांगितलं असतं की एकच कपाट घ्या, वर रबरवूडचा २५ मिमी फळा, खाली ब्रेकची चाकं, झालं. दगड आणि चाकं मात्र एकत्र कधीच नको.

कामाचा क्रम असा ठेवा, रांगोळी आणि खोकं, मग दोघींच्या कोपराचं माप, मग वायरमन, मग फ्रेम. फ्रेम जागेवर आली की स्पिरिट लेव्हल दोन्ही अंगानं लावून बघायची, आपल्या फरश्यांना मोरीकडं थोडा उतार असतोच, पायाखाली पट्ट्या देऊन सपाट करायची आणि मगच जमिनीला धरायची. ग्रॅनाईटवाल्याला माप द्यायला फ्रेम बसल्यावरच बोलवा, कागदावरच्या मापानं दगड कापून आणला आणि फ्रेम अर्धा इंच इकडं तिकडं झाली की भांडणं होतात. दगड बसवताना पाईपवर सिलिकॉनचे ठिपके, सलग पट्टा नको, म्हंजे कधी काढायची वेळ आली तर दगड तुटत नाही. एक दिवस त्यावर काहीही ठेवू नका, पोरांना पण सांगून ठेवा. कपाटं त्यानंतर आत सरकवा, फ्रेमला बाजूनं दोन-दोन स्क्रू. सासूबाईंची पहिली भाकरी थापून झाली की वरच्या ड्रॉवरमध्ये चमचे वाजतात का ते ऐका. वाजले तर जमिनीचा एखादा स्क्रू पूर्ण बसलेला नाही, तो आधी आवळा.